फिजिओथेरपी आणि मानव्यविद्या: एका रिकाम्या कप्प्याची पार्श्वभूमी

फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशी मानव्यविद्या हवी कशाला, असं विचारणारे बहुतेकजण ही अलीकडची हौस आहे असं धरून चालतात. पण स्टॉकहोममध्ये 1813 साली शरीरसाधनेची आणि उपचारात्मक व्यायामाची जी संस्था निघाली, तिचा संस्थापक तलवारबाजी शिकवायचा आणि कविताही लिहायचा. एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पुढे व्यायामोपचार आणि मानव्यविद्येची ही सोयरीक मोडली मात्र.

मोडण्याचं एक कारण अगदी व्यावहारिक होतं. 1894 साली लंडनमध्ये मसाजच्या पाटीआड वेश्याव्यवसाय चालतो असा बोभाटा झाला. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या चार परिचारिकांनी संघटना बांधली आणि कडक नियम केले: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मसाज नाही, आणि शिक्षण शरीररचनेच्या भक्कम पायावर. स्पर्शाला अब्रू मिळाली ती शरीराला स्नायू, सांधे आणि तरफांचं यंत्र मानल्यामुळे, असं आता या व्यवसायाचे काही अभ्यासक म्हणतात. त्या चौघींना दोष देता येणार नाही. त्या काळी दुसरा मार्ग कुठला होता? दोन महायुद्धं आणि पोलिओच्या साथी यांनी उरलंसुरलं काम केलं. हजारो माणसांना उभं करायचं असताना स्नायूंची ताकद 0 ते 5 अशी मोजणं हीच मोठी सोय होती, आणि आजही ती तशीच वापरात आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांत मानव्यविद्या परतली ती 1960च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात 1967 साली तिचा स्वतंत्र विभागच निघाला. 1977 साली एका मनोविकारतज्ज्ञाने शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार मांडला आणि तो पुढे पुनर्वसनाच्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसला. पण माझ्या मते फिजिओथेरपीला खरा धक्का कॉलेजांतून बसलाच नाही, तो अपंगांच्या चळवळीने दिला. 1976 साली ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका छोट्या गटाने लिहून टाकलं की शरीरातली क्षती ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. अपंगत्व समाज लादतो. जिन्यापाशी अडलेल्या व्हीलचेअरमध्ये दोष पायांचा की जिन्याचा, हा प्रश्न तिथून आला. तो वैद्यकशास्त्राचा नव्हे, राज्यशास्त्राचा प्रश्न होता.

इथून पुढची कहाणी वर्गीकरणाची आहे. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेकडून क्षती, अकार्यक्षमता आणि त्यातून येणारी सामाजिक अडचण अशी तीन पायऱ्यांची मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘माणसासाठी सामान्य मानली जाणारी’ हालचाल हे माप होतं. सामान्य ठरवणार कोण, यावर चळवळीने वीस वर्षं भांडण केलं. शेवटी मे 2001 मध्ये 191 देशांनी तिच्या जागी संघटनेची नवी चौकट (इंग्रजीत ‘आयसीएफ’) स्वीकारली. शरीराची कार्यं, रचना, कृती आणि सहभाग, परिसर, या प्रत्येकाला अक्षर आणि आकडे मिळाले. चालणं म्हणजे डी 450. हाताची बारीक कामं म्हणजे डी 440. अडचण किती, ते 0 ते 4. एकूण 1,400हून अधिक नोंदी.

आणि एक कप्पा रिकामा राहिला. त्याचं नाव ‘वैयक्तिक घटक’. वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, सवयी, वाढ कशी झाली, आजवर काय भोगलं, संकटाला तोंड देण्याची रीत, हे सगळं त्यात मोडतं असं चौकट सांगते. पण कोड एकालाही नाही. समाज आणि संस्कृतीनुसार यात फार फरक पडतो, म्हणून वर्गीकरण केलं नाही, असं कारण दिलं गेलं.

हा निर्णय योग्य होता का, यावर अजून एकमत नाही. कोड नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे केस पेपरवर ते दिसणार नाही, असं एक बाजू म्हणते. 2010च्या सुमारास जर्मन भाषिक देशांतल्या तज्ज्ञांनी या कप्प्यासाठी स्वतःची यादीही तयार केली. उलट बाजूचं म्हणणं असं की ‘जिद्द कमी’ असा कोड एकदा पडला की बरं न होण्याचं खापर पेशंटच्याच माथी फुटेल, आणि विमा कंपनीला तो आयता सापडेल. मला ही दुसरी भीती अधिक खरी वाटते. पक्षाघातानंतर दोघांचा डी 440 तंतोतंत सारखा असू शकतो. एकाला शर्टाची बटणं स्वतःच लावायची असतात. दुसऱ्याला बटणं कुणीही लावून दिली तरी चालतात, पण पत्र मात्र स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. हे कळायला आकडा नको, त्यांचं बोलणं ऐकावं लागतं. ऐकणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, आणि मानव्यविद्येला दार उघडलं ते इथे.

योगायोग असा की 2001 सालीच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका नृत्यसंस्थेने पार्किन्सन्स झालेल्यांसाठी वर्ग सुरू केले. आलेल्यांना पेशंट म्हणून नव्हे, नर्तक म्हणून शिकवायचं, हा दंडक. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्येच डॉक्टरांना पेशंटची कहाणी नीट वाचायला शिकवण्याची पद्धत रुजू लागली आणि पुढे ती फिजिओथेरपीच्या वर्गांपर्यंत पोचली. 2014 साली अमेरिकेत पुनर्वसन आणि मानव्यविद्या याच विषयाला वाहिलेलं नियतकालिक निघालं. पेशंटच्या आणि थेरपिस्टच्या आठवणी, कविता, चित्रं यांना त्यात शोधनिबंधांच्या शेजारी जागा मिळाली.

मात्र सरसकट स्वागत झालं असं नाही. तास आधीच अपुरे आहेत, मग शरीररचनेतला कुठला भाग गाळायचा, हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. शिवाय निधी मागायला गेलं की पुरावा मागतात. त्यामुळे नाचून पडण्याचं प्रमाण घटलं का, तोल किती गुणांनी सुधारला, हेच मोजलं जातं. ज्या पट्टीच्या जाचातून सुटायचं होतं तिच्यावरच उभं राहून आपली उंची दाखवावी लागते. वैयक्तिक घटकांचा कप्पा आजही बिनकोडाचाच आहे.