मांजर-कुत्र्याला फिश ऑइल द्यायचं की कॉड लिव्हर ऑइल?

मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "माशाचं तेल द्या" म्हटलं की बऱ्याचदा हातात पडतात त्या पिवळ्या पारदर्शक कॅप्सूल, म्हणजे कॉड लिव्हर ऑइल, आणि मग माणूस घरी येऊन बिनधास्त कुत्र्याच्या भातावर पिळतो, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की फिश ऑइलने केस छान होतात. सांगणारा बरोबरच होता, पण आली भलतीच वस्तू.

फिश ऑइल तारली, अँकोव्ही असल्या तेलकट माशांच्या अख्ख्या अंगातून काढतात. त्यात कामाचं काय, तर ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३. त्वचेचा दाह, खाज कमी होते, खाजवणं थांबलं की केसही सुधारतात, पण दीड-दोन महिने तरी लागतात, आठवड्यात फरक शोधू नका. कॉड लिव्हर ऑइल येतं कॉड माशाच्या लिव्हरमधून. ओमेगा-३ त्यातही आहे, पण सोबत व्हिटॅमिन ए आणि डी, एका छोट्या (५ मिली) चमच्यात साधारण ४५०० युनिट ए आणि ४५० युनिट डी.

व्हिटॅमिन आहे म्हणजे चांगलंच ना? नाही. ही दोन्ही जास्तीची झाली तर लघवीतून निघून जात नाहीत, शरीरात साठतात, आणि पॅकेटच्या फूडमध्ये ती आधीच घातलेली असतात. एकदा चाटलं म्हणून काही होत नाही, पण रोज, महिनोन्महिने, आणि वर मांजराला आवडते म्हणून कोंबडीची कलेजी... अशा मांजरांच्या मानेचे मणके हाडाने जखडतात, मान वळवता येत नाही, स्वतःला चाटता येत नाही, आणि केस राठ, गुंतलेले होतात. म्हणजे केसांसाठी दिलं आणि केसच गेले! डी जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, खूप तहान, शेवटी किडनी.

खाजेसाठी व्हेट ओमेगा-३चा डोस वजनावर ठरवतात आणि तो बराच मोठा असू शकतो. फिश ऑइलमध्ये तो वाढवता येतो, कॉड लिव्हरमध्ये वाढवलात की ए-डी पण त्याच हिशोबाने चढतं. माझ्या मते खरी गोम इथे आहे. लेबलवर १००० मिग्रॅ दिसलं म्हणून खुश होऊ नका, साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३००च, बाकी नुसती चरबी. फिश ऑइलही जास्त झालं तर जुलाब होतात, वजन वाढतं. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, जुन्या ऑइल पेंटसारखा वास आला तर सरळ फेका. माणसांच्या ओमेगा गमीज कुत्र्याला अजिबात नको, काहींत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी.

जवसाच्या तेलाचंही विचारतात लोक, पण त्यातला ओमेगा-३ वेगळा, मांजराच्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए जवळजवळ होतच नाही. आणि कुत्रा फक्त दूध-पोळीवर असेल, केस कोरडे असतील, तर आधी ते जेवण बदला.

टक्कल पडत असेल, गोल चट्टे असतील तर कुठलंच तेल उपयोगाचं नाही, फंगस आहे का बघायला हवं. शेपटीच्या बुडाशी केस मागे करून बघा, बारीक काळी रेव दिसली तर ओल्या टिश्यूवर घासा, लालसर डाग पडला तर ती पिसवांची घाण, मग आधी पिसवांचं औषध.