सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर मनाचं काय होतं?

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्याभराने नाकावरचं स्प्लिंट (आधारासाठी लावलेली कडक पट्टी) निघतं आणि आरशात जे दिसतं ते बहुतेकींना आवडत नाही. नाक सुजलेलं, डोळ्यांखाली काळंनिळं, शेंडा बधिर. सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याला नेमका आकार यायला वर्ष लागू शकतं. त्वचा जाड असेल तर आणखी जास्त. सुरुवातीच्या या दिवसांत रडू येणं, 'उगाच केलं' असं वाटणं अगदी नेहमीचं आहे. सर्जनने हे आधीच सांगायला हवं. त्या अवस्थेत शस्त्रक्रिया फसली की जमली हे ठरवू नये आणि दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा विषय शक्यतो वर्षभर काढू नये.

सूज उतरल्यावर बहुतेक स्त्रिया समाधानी असतात. मात्र हे समाधान मुख्यतः त्या अवयवापुरतं राहतं. एकूण आत्मसन्मानात पडणारा फरक बराच लहान असतो. 'नाकावरचा उंचवटा खुपतोय, तो जावा' एवढीच अपेक्षा असेल तर ती सहसा पुरी होते. मोडत चाललेलं नातं सावरावं म्हणून किंवा कुणाच्या आग्रहाखातर टेबलावर गेलेल्या बाईच्या पदरी निराशा येण्याची शक्यता जास्त.

निर्णयाआधी एक साधी तपासणी करावी. 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसू शकतं. ही जवळून काढलेल्या फोटोची करामत, नाकाचा दोष नव्हे. म्हणून दीड मीटरवरून दुसऱ्या कुणाकडून फोटो काढून घ्यावा.

खरी अडचण बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर या मानसिक विकाराची. दिसण्यातला दोष इतरांना दिसतही नाही, पण त्याचाच विचार रोज तासभर किंवा त्याहून जास्त. सतत आरसा पाहणं, ओढणीने झाकणं, घरच्यांना पुन्हापुन्हा विचारणं. हा विकार साधारण 2 टक्के लोकांत आढळतो, कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये येणाऱ्यांत त्याहून बराच जास्त. इथे सुरी चालत नाही. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम झाली तरी खंत तिथेच राहते किंवा नाकावरून हनुवटीवर सरकते. अशा वेळी सर्जनने नकार देऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हाच योग्य उपचार. तिथे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) आणि नैराश्यावरही देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या उपयोगी पडतात. गोळ्यांचा डोस अनेकदा नैराश्यासाठी देतात त्याहून जास्त लागतो आणि गुण येतोय की नाही हे ठरवायला सुमारे 12 आठवडे द्यावे लागतात.