प्रश्न शोधायचा तास

पुण्यातल्या अनेक घरांत वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा बाळाचं डायपर टाकताना ते वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि त्या पुडीवर लाल पेनाने एक ठळक ठिपका काढतात. कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना मग पुडी न उघडताच आत काय आहे ते कळतं. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही सवय लावण्यासाठी शहरात मोहीम चालवली. यात ना यंत्र आहे, ना ॲप. रद्दीचा कागद आणि पेन प्रत्येक घरात असतंच. कचऱ्याचा प्रश्न कार्यालयात बसून पाहिला की टन, गाड्या आणि डेपो दिसतात. वर्गीकरणाच्या शेडमध्ये उभं राहून पाहिला की अनोळखी पुडी उघडणारा एका बाईचा हात दिसतो. लाल ठिपका हे त्या हाताच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शाळकरी मुलांना डिझाइन थिंकिंग म्हणजे काय हे सांगायचं तर मी याच उदाहरणापासून सुरुवात करीन. ‘डिझाइन’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे कपडे, गाड्या, मोबाइल येतात. पण हर्बर्ट सायमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ साली डिझाइनची फार व्यापक व्याख्या केली होती. आहे ती परिस्थिती बदलून हवी तशी करण्यासाठी जो कोणी योजना आखतो, तो डिझाइनच करत असतो, असं त्याचं म्हणणं. औषधांचा क्रम ठरवणारा डॉक्टर त्यात आला, बसचं वेळापत्रक लावणारा माणूसही आला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी-स्कूल’ने ही विचारपद्धत पाच टप्प्यांत मांडली आणि ती जगभर पसरली. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना समजून घेणं, प्रश्न नेमका ठरवणं, भरपूर कल्पना काढणं, कच्चा नमुना बनवणं आणि तो खऱ्या माणसांकडून तपासून घेणं, असे ते टप्पे. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळेत शिकवायच्या नव्या विषयांत डिझाइन थिंकिंगचं नाव घेतलं आहे.

हे टप्पे फळ्यावर लिहून द्यायला पाच मिनिटं पुरतात. अडचण त्यानंतर येते. वर्गात उत्साह दिसतो तो कल्पना आणि नमुना या टप्प्यांत, कारण तिथे पुठ्ठा, कात्री, डिंक आणि दंगा असतो. पहिले दोन टप्पे मात्र घाईघाईत उरकले जातात किंवा शिक्षकच प्रश्न ठरवून देतात. माझ्या मते सगळं मर्म त्या पहिल्या दोन टप्प्यांतच आहे.

शाळेत मुलांना प्रश्न कायम तयार मिळतो. टाकीला दोन नळ आहेत, एक भरतो, एक रिकामी करतो, टाकी किती वेळात भरेल? लागणारी सगळी माहिती दिलेली, नको असलेली एकही नाही आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी. अशा गणितांनी हात पक्का होतो, ती हवीतच. पण दहा वर्षं फक्त असेच प्रश्न सोडवलेल्या मुलाला, प्रश्न हाही शोधावा लागतो, हे कधी कळणार?

गेट्झल्स आणि चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास इथे फार मोलाचा आहे. टेबलावर काही वस्तू मांडल्या होत्या. त्यांतल्या हव्या त्या निवडायच्या, मांडायच्या आणि चित्र काढायचं. काही जणांनी दोन-चार वस्तू उचलल्या आणि लगेच कागदाला भिडले. काही जण बराच वेळ वस्तू हाताळत राहिले, फिरवत राहिले, मांडणी मोडत राहिले. आपण नक्की कशाचं चित्र काढणार आहोत हे त्यांनी शक्य तितकं उशिरा ठरवलं. जाणकार परीक्षकांना या दुसऱ्या गटाची चित्रं जास्त मौलिक वाटली. प्रश्नाशी रेंगाळणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. आपल्या वर्गात मात्र असं मूल ‘अजून सुरुवातच केली नाहीस?’ म्हणून बोलणी खातं.

आता हे शाळेत कसं उतरेल ते पाहू. समजा, जुलै महिना आहे, पुण्यातली एक शाळा, सातवीचा वर्ग. मुलांनी विषय निवडला: ‘पावसात दप्तर भिजतं.’ पहिल्या पाच मिनिटांत उत्तरं येतील. वॉटरप्रूफ दप्तर, दप्तराची छत्री, दप्तराला प्लॅस्टिकचा झगा. शिक्षकांनी ही उत्तरं वहीत लिहून बाजूला ठेवायला सांगावीत आणि मुलांना आठवडाभर नुसतं बघायला पाठवावं. वहीच्या पानावर दोन रकाने करायचे, एकात ‘काय दिसलं’, दुसऱ्यात ‘मला काय वाटलं’. दोन्ही एकत्र करायचे नाहीत. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक पाठ करण्यापेक्षा असा हाताने लिहून जास्त पक्का होतो.

आठवडाभरात काय दिसेल? रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात बाहेरच्या बाजूला लटकवलेली दप्तरं भिजतात. आईच्या स्कूटरवर मागे बसून येणाऱ्याचं दप्तर रेनकोटच्या आत असतं, ते कोरडं राहतं. मग तेच दप्तर दुसऱ्या तासाला ओलं कसं? कारण निथळणारे रेनकोट खिडकीच्या गजांना आणि बाकांच्या पाठींना टांगलेले असतात आणि दप्तरं त्यांच्याच खाली ठेवलेली असतात.

इथे बोलायला हव्यात त्या शाळेच्या मावशी. मुलं सहसा विचारतील, ‘मावशी, रेनकोटसाठी स्टँड केला तर तुम्हाला आवडेल का?’ असं विचारलं की समोरचं माणूस मुलांचं मन राखायला ‘हो’ म्हणतं आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी विचारावं, ‘मावशी, काल पाऊस होता तेव्हा सकाळपासून काय काय झालं ते सांगा ना.’ मग खरं ते बाहेर येतं. ‘अरे, सकाळी पुसलेली फरशी दुसऱ्या तासाला परत पुसते मी. खिडकीखाली तळं होतं नुसतं. परवा पाचवीतला एक घसरून पडला. तुमचे रेनकोट लांब कुठं टांगता आले तर बघा की!’

म्हणजे प्रश्न बदलला. ‘दप्तर भिजू नये म्हणून काय करावं’ असा सुरू झालेला प्रश्न ‘अंगावरून उतरवलेला ओला रेनकोट दिवसभर कुठे ठेवावा’ इथे येऊन पोहोचला. वॉटरप्रूफ दप्तराने मावशींची फरशी कोरडी झाली नसती आणि पाचवीतला मुलगाही घसरायचा थांबला नसता.

आणि आता खरं विज्ञान आत येतं. रेनकोट वाळायला किती वेळ लागतो? बाष्पीभवनाचा वेग पृष्ठफळावर, वाऱ्यावर, तापमानावर आणि हवेतल्या आर्द्रतेवर अवलंबून असतो, हे मुलांनी पुस्तकात वाचलेलं असतं. जुलैत पुण्याची हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे पाणी उडण्याचा वेग मंद. आर्द्रता आपल्या हातात नाही. पृष्ठफळ आणि वारा मात्र आहेत. घडी घालून ठेवलेला, दुसऱ्या रेनकोटला चिकटवून टांगलेला आणि व्हरांड्यात मोकळा टांगलेला असे तीन रेनकोट घ्यावेत, दर अर्ध्या तासाने वजनकाट्यावर ठेवावेत आणि वजन किती उतरलं त्याचा आलेख काढावा. हा प्रयोग प्रयोगवहीतल्या कुठल्याही प्रयोगाच्या तोडीचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर कोणाचं तरी काम अडलेलं आहे.

कल्पना काढताना आणखी एक अडथळा असतो, तो आपल्याच डोक्यात. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात लोकांना मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं देऊन मेणबत्ती उभ्या पृष्ठभागावर बसवायला सांगितलं होतं. खोकं रिकामं करून ते टाचण्यांनी भिंतीला ठोकलं की मेणबत्तीला फळी मिळते. पण खोकं भरलेलं असलं की ते टाचण्या ठेवायचंच भांडं वाटतं आणि फळी म्हणून सुचत नाही. रिकामं खोकं दिलं तर उत्तर बऱ्याच जास्त लोकांना सापडतं. याहून चकित करणारा निष्कर्ष टिम जर्मन आणि मार्गारेट डिफेटर या संशोधकांनी २००० साली लहान मुलांच्या अभ्यासातून काढला. सहा-सात वर्षांची मुलं अशा भरलेल्या खोक्यापुढे अडतात, पाच वर्षांची मात्र अडत नाहीत. कोणती वस्तू कशासाठी असते हे ज्ञान वाढतं, तसा तिच्या दुसऱ्या उपयोगांवर पडदा पडू लागतो. म्हणून शाळेत मुलांच्या हाती ‘सायन्स किट’ देताना मला नेहमी थोडी काळजी वाटते. त्यातल्या प्रत्येक भागावर त्याचं काम छापलेलं असतं.

या बाबतीत पुण्याचं भाग्य मोठं. टेल्कोत इंजिनिअर असलेल्या अरविंद गुप्तांनी १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केलं. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या त्यांच्या हाती आल्या. नळीचा तुकडा झाला सांधा, काडी झाली बाजू. त्यातून त्रिकोण, चौकोन, घन, घराचे सांगाडे उभे राहिले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, ही गोष्ट बोटांना कळली की पुलाच्या लोखंडी सांगाड्यांत त्रिकोण का असतात ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दहाहून अधिक वर्षं अशी खेळणी घडवली आणि मोफत वाटली.

कल्पना काढायच्या म्हणून पन्नास-साठ मुलांना एकदम बोलायला लावू नये, हेही इथे सांगायला हवं. गटाने एकत्र बसून कल्पनांचा पाऊस पाडावा, ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यावर ॲलेक्स ऑस्बोर्न या जाहिरात व्यावसायिकाने लोकप्रिय केली. पण डील आणि श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली दाखवलं की तेवढीच माणसं वेगवेगळी बसून विचार करतात तेव्हा एकूण कल्पना जास्त निघतात. गटात एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. तेव्हा आधी दहा मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून पाठकोऱ्या कागदावर लिहावं, मग गटात वाचावं. मागच्या बाकावरच्या अबोल मुलीची कल्पनाही त्यामुळे टेबलावर येते. आणि प्रत्येक यादीत निदान एक कल्पना काहीतरी काढून टाकणारी असावी, असा नियम करावा. २०२१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की वस्तू सुधारायला सांगितली की माणसं तिच्यात भर घालतात. एखादा भाग काढून ती जास्त चांगली होत असली तरी ते लक्षातच येत नाही. वर्गात टांगलेले रेनकोट वर्गाबाहेर नेणं ही अशीच काढून टाकणारी कल्पना.

प्रश्न बदलल्याने किती मोठा फरक पडतो, याचं एक उदाहरण मोठ्या मुलांना जरूर सांगावं. २००७च्या सुमारास स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर बनवायचा होता. गटातला एक विद्यार्थी नेपाळला गेला. तिथल्या रुग्णालयात त्याला इनक्युबेटर रिकामेही दिसले, कारण अशी बाळं दूरच्या खेड्यांत जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. मग प्रश्न असा झाला: वीज नसलेल्या घरात आईच्या हातात बाळ ऊबदार कसं राहील? त्यातून ‘एम्ब्रेस’ नावाची छोट्या झोपण्याच्या पिशवीसारखी वस्तू तयार झाली. तिच्या आत मेणासारख्या पदार्थाची उशी असते. तो शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतो, आणि पुन्हा घट्ट होताना साठवलेली उष्णता हळूहळू सोडतो, त्यामुळे काही तास तापमान ३७ अंश सेल्सिअसजवळ टिकतं. दहावीत शिकतो तो अप्रकट उष्मा तो हाच. स्वस्त इनक्युबेटर बनला असता, तर तोही रुग्णालयातच राहिला असता.

आपल्या सातवीच्या वर्गाकडे वळू. नमुना शक्य तितका कच्चा असावा. नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे, खाली उभा चिरलेला पीव्हीसी पाइप आणि त्याच्या टोकाला बादली. एका दिवसात होतं. पाऊस आला की कळेल, दोरी मोठ्यांच्या उंचीवर बांधली गेली आहे आणि पाचवीची मुलं तिथे पोहोचत नाहीत. शाळा सुटल्यावर सगळे एकदम आले की निळ्या रेनकोटांत आपला कोणता ते सापडत नाही. बादली कोणी रिकामी करायची हे ठरलेलंच नाही. या तिन्ही गोष्टी चर्चेत सुचल्या नसत्या. कच्च्या दोरीवर बदल करायला कोणाला जड जात नाही. रंगवून सजवलेल्या मॉडेलला हात लावायला मात्र मुलांचा जीव होत नाही, म्हणून चकचकीतपणा उशिरा यावा.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबमुळे अनेक शाळांत थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तासाची सुरुवात प्रिंटरपासून केली की मुलं प्रिंटरला काय छापता येईल ते शोधतात. प्रश्न हाती घेऊन लॅबमध्ये गेली, तर त्यांना यंत्राकडे काय मागायचं ते माहीत असतं. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाला लागणारी कामं करता करता विज्ञान शिकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली, तेव्हा जवळजवळ दोन दशकांचे खरे प्रश्न तिथे आधीपासून जमलेले होते.

राहिला गुणांचा प्रश्न, आणि शिक्षकांना तो सोडून चालत नाही. विज्ञान प्रदर्शनात टेबलावर एकच देखणं मॉडेल ठेवायची पद्धत आहे. त्याच्या शेजारी निरीक्षणांची वही, सोडून दिलेले पहिले प्रश्न आणि फसलेले नमुने मांडायला लावावेत. परीक्षकांनी मुलांना एवढंच विचारावं: सुरुवातीला तुमचा प्रश्न काय होता, आता काय आहे, आणि तो कोणाशी बोलल्यावर बदलला? निम्मे गुण त्या उत्तरांना द्यावेत.