लॉजिक चालवायचं कुठे? टर्मिनल सर्व्हर आणि ॲक्साप्टाची पार्श्वभूमी

डायनॅमिक्स एएक्स (पूर्वीचं नाव ॲक्साप्टा) हे मायक्रोसॉफ्टचं ईआरपी, म्हणजे कंपनीचे हिशेब, साठा, विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या जुन्या आवृत्तीत कुठलाही क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, उघडला की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रनऑन’ नावाची एक ओळ दिसते. पर्याय तीन: क्लायंट, सर्व्हर आणि ‘कॉल्ड फ्रॉम’. शेवटच्याचा अर्थ असा की ज्याने बोलावलं त्याच्याच मशीनवर चालायचं. डिफॉल्ट तोच असल्यामुळे बहुतेक डेव्हलपर या ओळीकडे ढुंकूनही पाहत नसत. कोड चालत होता ना, मग झालं. टर्मिनल सर्व्हरवर, म्हणजे ज्या एकाच मशीनवर अनेकजण लांबून आपापल्या पडद्यावरून काम करतात तिथे, तर तो आणखी झकास चाले, आणि त्यामुळेच पुढचे घोळ वर्षानुवर्षं झाकले गेले.

मेनफ्रेमच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. एसएपी या जर्मन कंपनीचं ईआरपी आर/२ मेनफ्रेमवर चाले आणि टेबलावर असे ते फक्त अक्षरं दाखवणारं टर्मिनल. पीसी आल्यावर हिशेब टेबलावर उतरला. क्लायंट-सर्व्हरच्या पहिल्या लाटेत मधे कुणी नसे: इकडे प्रोग्राम, तिकडे डेटाबेस. १९९२ मध्ये एसएपीने आर/३ आणताना तीन थर केले आणि लॉजिक मधल्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर ठेवलं. एसएपी गुई फक्त स्क्रीन दाखवतं, त्यामुळे एबॅप, म्हणजे एसएपीची भाषा, लिहिणाऱ्याला ‘हे चालणार कुठे?’ असं विचारायची सहसा वेळ येत नाही.

डेन्मार्कची मंडळी वेगळ्या वाटेने आली. त्यांचं गिऱ्हाईक मध्यम आकाराचं, वीस-पन्नास माणसांची कचेरी असलेलं. नॅव्हिजनचा कोड सरळ क्लायंटवर चालायचा. डॅमगार्डने मार्च १९९८ मध्ये ॲक्साप्टा आणलं, त्यात मात्र निवड होती. ३.० आवृत्तीपर्यंत ते टू-टियरही (क्लायंट आणि डेटाबेस) चाले आणि थ्री-टियरही (मधे सर्व्हर), त्यातही ‘फॅट’ आणि ‘थिन’ असे दोन प्रकार. फॅटमध्ये लॉजिक वापरणाऱ्याच्या मशीनवर, थिनमध्ये एओएस म्हणजे ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट सर्व्हरवर. तोच कोड दोन्हीकडे चालावा म्हणून क्लासवर ‘रनऑन’ आणि मेथडपुढे ‘क्लायंट’, ‘सर्व्हर’ हे शब्द. या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती जोडकंपनी विकत घेतली. २००६ च्या ४.० मध्ये टू-टियर बंद झालं, एओएस सक्तीचा झाला. फॉर्म मात्र क्लायंटवरच राहिले, म्हणजे लॉजिकची सुरुवात बहुतेक वेळा क्लायंटवरूनच होई.

खर्च कशाचा होता, ते एका आकडेमोडीत दिसतं. समजा ५०० ओळींचं इन्व्हॉइस पोस्ट करायचंय. लूप क्लायंटवर फिरतोय आणि प्रत्येक ओळीमागे एओएसकडे तीन फेऱ्या होतात: दर आण, कर काढ, नोंद कर. एकूण १५०० फेऱ्या. ऑफिसच्या लॅनवर एका फेरीला १ मिलिसेकंद धरला तर दीड सेकंद. दूरच्या शाखेतून ६० मिलिसेकंद लागत असतील तर तेच काम ९० सेकंद. लीज्ड लाइन दुप्पट रुंद करून काही उपयोग नाही, कारण वेळ खातो तो डेटा नव्हे, खेपा. वाणसामानाची यादी एकदाच देण्याऐवजी एकेका जिनसासाठी दुकानात पळावं, तसला प्रकार. यादी देण्याची सोय ॲक्साप्टात होती: डायलॉग क्लायंटवर दाखवायचा, भरलेल्या गोष्टी कंटेनरमध्ये ‘पॅक’ करायच्या, एकाच कॉलने सर्व्हरवर पाठवून तिथे ‘अनपॅक’ करून लूप चालवायचा. रनबेस या एएक्समधल्या तयार सांगाड्याचं पॅक-अनपॅक इथेही कामाला येई. पण त्यासाठी बसून विचार करावा लागे.

विचार करायची गरजच टर्मिनल सर्व्हरने काढून टाकली. सिट्रिक्सने विंडोज एनटी ३.५१ वर बेतलेलं विनफ्रेम १९९५ मध्ये आणलं, मायक्रोसॉफ्टची एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर एडिशन १९९८ ची, आणि विंडोज २००० पासून ही सोय सर्व्हरमध्येच मिळू लागली. एएक्स २०१२ च्या काळात तर मायक्रोसॉफ्टचं म्हणणं स्पष्ट होतं: क्लायंट आणि एओएस यांच्यातला विलंब ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी हवा, तेवढं जमत नसेल तर टर्मिनल सर्व्हिसेस वापरा. लांबच्या तारेवरून जाणार फक्त की-बोर्ड, माउस आणि चित्र. १५०० फेऱ्या होणार त्या डेटा सेंटरमधल्या दोन मशीनमध्ये. पुन्हा दीड सेकंद. कोडला हात न लावता.

आपल्याकडे हा जुगाड टॅलीमुळे घराघरांत नाही तरी दुकानादुकानांत पोहोचला. बंगळुरूच्या या सॉफ्टवेअरच्या मल्टी-यूझर मांडणीत डेटा फोल्डर एका मशीनवर शेअर केलेलं असतं आणि प्रत्येक पीसीवरची टॅली त्या फायली नेटवर्कवरून स्वतः वाचते. लॅनवर ठीक, शाखेतून अशक्य. म्हणून ‘टॅली ऑन क्लाउड’ म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुतेक ठिकाणी पलीकडे विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉपच असतो. नाव मात्र भारदस्त.

आता टर्मिनल सर्व्हरवर ‘क्लायंट’ म्हणजे नेमकं कोण? वापरणारा नाशिकला बसलाय, पण एएक्सच्या लेखी क्लायंट म्हणजे डेटा सेंटरमधलं ते मशीन, ज्यावर त्याच्यासारखी आणखी तीस सेशन चालू आहेत. क्लायंटवर राहिलेलं लॉजिक या तिसांच्या सामाईक प्रोसेसरवर आणि मेमरीवर चालतं. एकाने महिनाअखेरचं जड काम क्लायंटवरून सुरू केलं की बाकीच्यांचे कर्सर अडखळू लागतात. तक्रार येते ‘एएक्स स्लो चालतंय’, आयटीवाले आणखी एक एओएस उभा करतात, आणि तोही निवांत बसून राहतो, कारण भार त्याच्यावर नव्हताच. त्यात ॲडमिनने आयडल टाइमआउट लावलेला असेल तर जेवायला गेलेल्या माणसाचं सेशन बंद होतं आणि अर्धं झालेलं काम रोलबॅक, म्हणजे रद्द. तेच काम सर्व्हरवरच्या बॅचमध्ये, म्हणजे माणसाविना आपोआप चालणाऱ्या कामांच्या रांगेत, असतं तर सेशनच्या मरण्याने त्याला काही फरक पडला नसता.

मग ठरतं की सगळं सर्व्हरवर हलवू. इथे दुसरं दुखणं सुरू होतं, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग हाच. रिपोर्टची फाइल सी ड्राइव्हवर सेव्ह केली आणि लॅपटॉपवर सापडत नाही, हा फोन टर्मिनल सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला असतो. ती फाइल टर्मिनल सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर असते. त्यावर उतारा म्हणून कुणीतरी पाथ बदलून ‘\\टीएसक्लायंट\सी’ करतो. सेशनच्या आत हा पाथ थेट लॅपटॉपच्या डिस्कवर जातो, काम होतं. पुढे तोच क्लास ‘सर्व्हर’ केला की एओएसला असा कुठला पाथच दिसत नाही, कारण तो वापरणाऱ्याच्या सेशनपुरता असतो. एओएस आपल्या सर्व्हिस अकाउंटने चालतो, त्याची डिस्क वेगळी, परवानग्या वेगळ्या. म्हणूनच एएक्समध्ये फायलींसाठी ‘विनएपीआय’ आणि ‘विनएपीआयसर्व्हर’ असे दोन वेगळे क्लास होते, आणि ४.० पासून सर्व्हरवर फाइलला हात लावण्याआधी कोडला परवानगी जाहीर करावी लागे.

प्रिंटरचं तेच. आरडीपीने, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीने, सेशनमध्ये आणलेला शाखेचा प्रिंटर त्या सेशनचा. बॅचमध्ये टाकलेलं चलन त्यावर निघत नाही. एक्सेल उघडून सेल भरणारा कोड बॅचमध्ये आपटतो. असा कोड टर्मिनल सर्व्हरवर वर्षभर बिनबोभाट चाललेला असतो, म्हणून तो चुकीच्या जागी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नॅव्हिजनवाल्यांनी हेच २००९ च्या आवृत्तीपासून भोगलं. मधला थर आला, कोड सी शार्पमध्ये रूपांतरित होऊन सर्व्हिसवर चालू लागला, आणि २०१३ च्या आवृत्तीत जुना क्लासिक क्लायंट गेला. वापरणाऱ्याच्या मशीनवरच्या गोष्टींसाठी डॉटनेट व्हेरिएबलवर ‘रनऑनक्लायंट’ अशी प्रॉपर्टी द्यावी लागली. एएक्स २०१२ ने बॅच आणि सर्व्हिसेसचा कोड डॉटनेटच्या सीआयएल या मधल्या भाषेत चालवायला घेतला. रनबेसच्या जागी सिसऑपरेशन फ्रेमवर्क आलं, ज्यात स्क्रीन आणि काम वेगळं लिहिणं ही सवय न राहता रचनाच झाली. ज्यांनी आधीपासून डायलॉग इकडे आणि लूप तिकडे ठेवला होता त्यांना नव्या आवृत्तीवरचं स्थलांतर सोपं गेलं. बाकीच्यांच्या एस्टिमेटमध्ये ‘रिफॅक्टरिंग’ नावाची एक जाडजूड ओळ आली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढची आवृत्ती ब्राउझरमध्ये आली, तीच नंतर डायनॅमिक्स ३६५ म्हणून ओळखली गेली. एएक्सच्या एक्स प्लस प्लस भाषेतला सगळा कोड सर्व्हरवर, सीआयएल होऊन. ‘रनऑन’ला अर्थ उरला नाही आणि ईआरपीच्या क्लायंटसाठी टर्मिनल सर्व्हर उभारायचं कारणही. गोदामातला लेबल प्रिंटर मात्र गोदामातच राहिला. क्लाउडला तो दिसत नाही, म्हणून त्याच्या नेटवर्कमधल्या एका विंडोज मशीनवर ‘डॉक्युमेंट राउटिंग एजंट’ बसवावा लागतो, जो क्लाउडकडून छपाईची कामं उचलतो आणि प्रिंटरला देतो. ते मशीन रात्री कुणी बंद केलं तर सकाळी लेबलं निघत नाहीत.