आधी समजून घेणं, मग बदल

"पुढच्या आठवड्यात मी रजेवर आहे," असं थेरपिस्टने सांगितलं, की बहुतेक जण पुढची तारीख ठरवून निघतात. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी हा मानसिक विकार असलेल्या माणसाला मात्र त्यातून 'तुम्ही मला नको आहात' असं ऐकू येऊ शकतं. भावना क्षणात उसळते, ओसरायला फार वेळ लागतो आणि त्या भरात स्वतःला इजा करण्याची ऊर्मीही येते. याला नाटक म्हणणं हा अन्याय आहे. ती वेदना खरी असते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन वारंवार आत्महत्येकडे वळणाऱ्या स्त्रियांवर उपचार करत होत्या. विचार आणि वर्तन बदलण्याची रूढ तंत्रं शिकवू लागलं, की त्या स्त्रियांना वाटे, चूक आपलीच ठरवली जातेय. नुसतं समजून घेतलं, तर दुःख जिथल्या तिथे राही. मग लिनेहन यांनी दोन्हींची सांगड घातली. तीच डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी. बीपीडी असलेल्या स्त्रियांवरच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिच्यामुळे स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटलं आणि उपचार अर्धवट सोडणारेही कमी झाले. तरुणपणी आपणही अशाच यातनांमुळे रुग्णालयात होतो, हे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

डीबीटीत आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, शिवाय गटात कौशल्यांचा वर्ग असतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती फोनची सोय. संकट सत्राची वेळ पाहून येत नाही; ऐन वादळात थेरपिस्टला फोन करून शिकलेलं कौशल्य कसं वापरायचं, हे विचारता येतं. उदाहरणार्थ, श्वास रोखून चेहरा थोडा वेळ गार पाण्यात धरला, की हृदयाचे ठोके मंदावतात आणि भावनेचा जोर उतरायला मदत होते. हृदयविकार असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी ब्रिटनमध्ये दुसरी वाट धरली. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज तणावात चुकतो, यावर त्यांच्या उपचाराचा भर आहे. थेरपिस्ट निर्विकार चेहऱ्याने गप्प बसला, तर ती शांतता रुग्ण सर्वांत वाईट अर्थाने भरून काढू शकतो. म्हणून थेरपिस्ट उघड बोलतो: "मी गप्प झालो, कारण तुमच्या बोलण्यावर विचार करत होतो. तुम्हाला काय वाटलं?"

हे काम थेरपिस्टलाही थकवतं. म्हणून डीबीटीत थेरपिस्टांची आपसांतली नियमित बैठक हा उपचाराचाच भाग मानला जातो.