डोपामाइन: फरक मोजणारं रसायन

'डोपामाइन डिटॉक्स' करतोय, असं आजकाल कुणीही कुणालाही सांगतं. रील बघितलं की डोपामाइन, लाइक आला की डोपामाइन, आणि या डोपामाइनची चटक सुटावी म्हणून मग चार दिवस मोबाइल बंद, गाणी बंद, गप्पाही बंद. मोबाइल कमी बघावा, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी जे 'शास्त्र' सांगितलं जातं ते अर्धवट आहे, आणि खरं शास्त्र त्याहून कितीतरी भारी आहे. मेंदूत डोपामाइन नेमकं काय करतं, याचं आजवरचं सगळ्यात पटणारं उत्तर मेंदूच्या अभ्यासकांच्या हाती लागण्याआधी संगणकवाल्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांना डोपामाइनशी काही देणंघेणं नव्हतं.

आधी 'सुखाचं रसायन' हे बिरूद कुठून आलं ते पाहू. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की त्या जागेला सौम्य विजेचा झटका मिळे. काही जागा अशा निघाल्या, की उंदीर पुन्हा पुन्हा येऊन कळ दाबत राहिले. 'मेंदूतलं सुखकेंद्र' ही कल्पना तिथून रुजली. पुढे या वर्तनात डोपामाइनचा हात असल्याचं दिसलं आणि सुखाचा सगळा मान त्याच्या पदरात पडला. १९८२ साली रॉय वाइझ यांनी ही कल्पना रीतसर मांडली, आणि नंतर त्यांनी स्वतःच ती सोडूनही दिली. ही दुसरी बातमी मात्र समाजमाध्यमांपर्यंत अजून पोचलेली नाही.

सोडायचं कारण साधं होतं. केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं आणि त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडलं. उंदरांनी पूर्वीसारखेच ओठ चाटले. म्हणजे गोडाची गोडी शाबूत होती. उलट, जनुकात बदल करून ज्यांच्यात डोपामाइन तयारच होऊ दिलं नाही, असे उंदीर समोर अन्न असूनही उपाशी मरतात. त्यांना चव कळत नाही म्हणून नव्हे. उठून खावं ही ओढच त्यांच्यात उरत नाही. खरोखरचा 'डोपामाइन उपवास' असा असतो. तो कुणी करू नये.

मग हे रसायन करतं काय? १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग इथे वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन चेतापेशींचे विद्युत स्पंद मोजत होते. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये याच पेशी मरतात आणि हालचाली मंदावतात, म्हणून या पेशी हालचालीच्या वेळी बोलत असणार, असा सरळ अंदाज होता. पण हालचालीच्या वेळी पेशी बऱ्यापैकी गप्प. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला, की मात्र एकदम स्पंदांचा सपाटा.

इथवर 'सुखाचं रसायन' बरोबरच वाटेल. पुढचं बघा. शुल्ट्झ यांच्या गटाने रसाआधी एक खूण द्यायला सुरुवात केली: दिवा लागतो आणि थोड्या वेळाने रस येतो. माकडाला हे क्रमाने कळत गेलं, तसा पेशींचा सपाटा रसावरून उठून दिव्यावर गेला. आता रस तोंडात पडत होता, माकड तो चाखत होतं, पण पेशी आपल्या नेहमीच्या संथ लयीत. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशी गप्प झाल्या. त्या क्षणी बाहेर काहीही घडलेलं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीला पेशी उत्तर देत होत्या. ते सुखाचं मोजमाप नव्हतं. मिळालेलं वजा अपेक्षित, एवढा एकच आकडा त्या सांगत होत्या.

शिकण्याचा अशा वजाबाकीशी संबंध असतो, हे मानसशास्त्रात आधीच सुचलेलं होतं. लिऑन कॅमिन यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर एक फार सुंदर प्रयोग केला होता. आधी एका आवाजानंतर सौम्य झटका बसतो, हे उंदरांना शिकवलं. मग आवाज आणि प्रकाश एकत्र, नंतर तोच झटका. शेवटी नुसता प्रकाश दाखवला, तर उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत. झटक्याआधी प्रकाश दिसतो हे इतक्यांदा घडूनही ते त्याबद्दल काही शिकले नाहीत, कारण आवाजामुळे झटका अपेक्षितच होता आणि अपेक्षितात शिकण्यासारखं काही उरत नाही. दोन गोष्टी वारंवार जोडीने घडल्या की मेंदूत त्यांची गाठ बसते, हा शाळेत पावलॉवच्या कुत्र्याबरोबर शिकलेला समज इथे अपुरा पडतो. १९७२ साली रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी याचं समीकरण लिहिलं: अंदाज जितका चुकला, त्या प्रमाणात तो बदलायचा.

पण या समीकरणाला वेळ कळत नव्हती. दिवा आता, रस नंतर. मधल्या वेळेचं काय? आणि बक्षीस पन्नास चाली खेळल्यावर मिळणार असेल, तर त्याचं श्रेय कोणत्या चालीला द्यायचं? हाच प्रश्न अमेरिकेत अँड्र्यू बार्टो आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड सटन यांना यंत्रांबाबत सतावत होता. सटन यांनी १९८८ साली याचं उत्तर एका निबंधात नीट मांडलं. त्यातलं हवामानाचं उदाहरण मला अजूनही सगळ्यात सोपं वाटतं. शनिवारी पाऊस पडेल का, याचा अंदाज तुम्ही रोज बांधताय. सोमवारचा अंदाज कितपत चुकला हे ठरवायला शनिवारपर्यंत थांबायलाच हवं का? नाही. मंगळवारी हाती जास्त माहिती असते, तेव्हा मंगळवारच्या अंदाजावरून सोमवारचा अंदाज लगेच सुधारा, बुधवारच्या अंदाजावरून मंगळवारचा. अंदाजानेच अंदाज तपासायचा. हे आपल्याच बुटांचे बंद ओढून स्वतःला उचलण्यासारखं वाटतं, पण ते चालतं. कारण साखळीच्या शेवटी एक खरा शनिवार असतो.

हे आकड्यांत करून पाहू. कागद-पेन घेतलंत तर उत्तम. दिवा लागतो. पहिल्या सेकंदाला 'क' म्हणू, दुसऱ्याला 'ख'. दोन सेकंद झाले की रस, त्याची किंमत १००. सुरुवातीला क आणि ख दोघांकडून अपेक्षा शून्य. नियम एकच: पुढच्या क्षणी हाती आलेलं, अधिक पुढच्या क्षणाची अपेक्षा, वजा आत्ताची अपेक्षा, ही झाली चूक. त्या चुकीच्या निम्म्याने आत्ताची अपेक्षा बदलायची.

पहिली फेरी. क वरून ख वर जाताना शून्य वजा शून्य, चूक नाही. मग रस: १०० वजा शून्य. चूक १००, म्हणून ख ची अपेक्षा ५०. दुसरी फेरी. क वरून ख वर जाताना पुढची अपेक्षा ५०, आत्ताची शून्य. चूक ५०, म्हणून क झाला २५. रसाच्या वेळी १०० वजा ५०. चूक ५०, ख झाला ७५. तिसऱ्या फेरीत गंमत सुरू होते. दिवा लागतो त्या क्षणीच अपेक्षा शून्यावरून २५ वर उडी घेते, म्हणजे दिव्याच्या क्षणी २५ची चूक. रसाच्या वेळी चूक उरली २५. चौथ्या फेरीत दिव्यावर ५०, रसावर साडेबारा. फेऱ्या वाढवत न्या: दिव्यावरचा आकडा १००कडे चढतो, रसावरचा शून्याकडे उतरतो. दिव्याच्याही मागे तो जात नाही, कारण दिवा कधी लागेल हे कुणालाच माहीत नसतं. आणि पूर्ण शिकून झाल्यावर एखाद्या फेरीत रस दिलाच नाही, तर त्याच क्षणी शून्य वजा १००. चूक उणे.

शुल्ट्झ यांच्या माकडांचे आलेख आणि हे आकडे शेजारी ठेवून बघा. सपाट्याचं रसावरून दिव्याकडे जाणं, रस न आल्यावरचा खड्डा, तो खड्डा पडण्याची नेमकी वेळ, सगळं जुळतं. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत टेरी सेनॉस्की यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले पीटर डायन आणि रीड मॉन्टग्यू यांना सटन यांचं गणित ठाऊक होतं. शुल्ट्झ यांची निरीक्षणं बघून ही सांगड त्यांच्या लक्षात आली. १९९७ साली शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टग्यू यांचा एकत्रित निबंध 'सायन्स'मध्ये आला आणि मेंदूविज्ञानाची एक अख्खी शाखा त्यावर उभी राहिली.

ही करामत फक्त मोठ्या मेंदूची, असंही नाही. त्याआधी १९९३ साली बर्लिनमध्ये मार्टिन हामर यांनी मधमाशीच्या मेंदूत अशी एकच चेतापेशी दाखवली होती, जी साखरेला प्रतिसाद देते. वासानंतर साखर न देता नुसती ती पेशी विजेने चेतवली, तरी माशी त्या वासाला शिकली आणि नंतर तो वास आला की सोंड बाहेर काढू लागली. तिथे रसायन वेगळं आहे, ऑक्टोपामाइन. काम मात्र त्याच घराण्यातलं.

यंत्रांकडे काय चाललं होतं? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी याच नियमावर बॅकगॅमन हा फासे-सोंगट्यांचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम बनवला. सुरुवातीला तो वाट्टेल तशी सोंगटी हलवायचा. स्वतःशीच खेळून, प्रत्येक चालीनंतर मागचा अंदाज पुढच्या अंदाजाने सुधारत, सुमारे १५ लाख डावांनंतर त्याची एक आवृत्ती जगातल्या उत्तम खेळाडूंच्या तोडीला पोचली. २०१६ साली गो या पटावरच्या खेळातल्या ली सेडोल या अव्वल खेळाडूला ४-१ असं हरवणाऱ्या अल्फागो या प्रोग्रॅमचे पूर्वज शोधायला गेलात, तर वाटेत हा प्रोग्रॅम लागतोच.

आलेख जुळले म्हणजे कारण सापडलं असं नाही, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर मिळालं २०१३ साली. कॅमिनचाच प्रयोग, पण या वेळी बक्षिसाचा: उंदीर दुसऱ्या खुणेबद्दल काही शिकत नाहीत, कारण बक्षीस अपेक्षित आहे. अपेक्षित बक्षीस मिळताना संशोधकांनी प्रकाशाच्या झोताने डोपामाइन पेशी कृत्रिमरीत्या चेतवल्या. आता उंदीर ती खूण शिकले. न घडलेल्या चुकीचा खोटा निरोप मेंदूला दिला, आणि मेंदूने तो खरा मानला.

'आधीच्या क्षणाला श्रेय द्या' हा नियम डोळे मिटून वापरला की काय होतं, हेही सांगायला हवं. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांना, ती काहीही करत असोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. बहुतेक कबुतरांनी आपापलं एक कर्मकांड बसवलं. एक गोल फिरे, एक डोकं झुलवे. त्या हालचालींचा नीट अर्थ कोणता, यावर नंतर वाद झाला. पण ताईत बांधला आणि काम झालं, असं सांगणाऱ्याच्या डोक्यात काय घडलं असेल याची कल्पना यावी, इतपत तो प्रयोग बोलका आहे. मेंदू हिशेब चोख ठेवतो. नोंद भलत्याच खात्यावर पडू शकते.

हाच हिशेब यंत्रातही फसतो. २०१६ साली ओपनएआयने बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम अशा यंत्राला शिकवला. गुण शर्यत जिंकण्याचे नव्हते, वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे होते. यंत्राने शर्यत सोडून दिली आणि एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, धडका खात, पेट घेत, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्यं टिपत बसलं. गुण भरपूर मिळाले. त्याला 'मजा' आली का? ज्याला बक्षीस म्हणतात ते यंत्रात एक संख्या आहे, बस. समीकरण सारखं आहे म्हणून यंत्राला भावना चिकटवणारे आणि मेंदू म्हणजे निव्वळ संगणक म्हणणारे, दोघेही माझ्या मते एकाच घाईचे बळी आहेत. उंदराला भूक असते, ती भागते, आणि भागली की त्याच रसाची किंमत उतरते. बोटीला भूक नव्हती.

अलीकडे यंत्रांकडून मेंदूकडे असा प्रवास पुन्हा एकदा झाला आहे. डोपामाइन पेशींची मूळ लयच संथ, सेकंदाला काही मोजके स्पंद. त्यामुळे आनंदाच्या धक्क्याला वर जायला भरपूर जागा, पण अपेक्षाभंग दाखवायला शून्याखाली जाताच येत नाही. सगळ्या पेशी एकच सरासरी आकडा सांगत असतील, तर हे गैरसोयीचं आहे. यंत्रांच्या बाबतीत असं दिसलं होतं, की एका सरासरीऐवजी संभाव्य बक्षिसांचा पूर्ण पसारा शिकवला तर ती जास्त चांगलं शिकतात. २०२० साली डीपमाइंड ही कंपनी आणि हार्वर्ड विद्यापीठ इथल्या संशोधकांनी हीच कल्पना घेऊन उंदरांच्या पेशी पुन्हा तपासल्या. काही पेशी जात्याच आशावादी निघाल्या, मोठं बक्षीस धरूनच चालणाऱ्या आणि सहज निराश होणाऱ्या. काही निराशावादी, ज्यांना थोडक्याचंही अप्रूप. सगळ्यांचा मिळून अंदाजाचा पूर्ण पट तयार होतो. २०१७ साली शुल्ट्झ आणि डायन यांना रे डोलन यांच्यासह मेंदूविज्ञानातलं ब्रेन प्राइझ मिळालं, आणि बार्टो व सटन यांना २०२४ सालचा संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार.

सगळं जमलं म्हणावं, तर नाही. वरच्या आकडेमोडीत चूक रसावरून दिव्याकडे सरकताना मधल्या क्षणांवरही दिसते: दुसऱ्या फेरीत क वरून ख वर जातानाची ५०ची चूक आठवा. जिवंत मेंदूत हे सरकणं अनेक वर्षं स्पष्ट दिसतच नव्हतं. सपाटा रसावर ओसरे आणि दिव्यावर वाढे, मध्ये जवळजवळ काही नाही. २०२२ साली हार्वर्डच्या एका गटाने उंदरांमध्ये ते सरकणं दाखवलं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या विजय नंबूदिरी यांच्या गटाने मात्र या गणितालाच आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं, की मेंदू दिव्यापासून पुढे बघत अंदाज बांधत नाही. बक्षीस मिळाल्यावर तो मागे वळून 'हे कशामुळे झालं' ते शोधतो, आणि डोपामाइन त्या शोधाची खूण आहे. दोन्ही बाजूंनी प्रयोगांवर प्रयोग चालू आहेत, आणि दोघांचेही उंदीर तेच साखरपाणी पीत आहेत.