टीव्हीवरचा चेहरा आणि दिल्लीची वाट

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे पारावर एखादं तरी नाव निघतं, ‘चॅनेलवरच्या त्या पत्रकाराला तिकीट मिळतंय म्हणे.’ ऐकणाऱ्याला हे नवं वाटतं. पण पत्रकाराने दिल्लीच्या सभागृहात जाऊन बसण्याची गोष्ट कृष्णाकाठाला शंभर वर्षं जुनी आहे.

न. चिं. केळकर मिरजेत शिकले, साताऱ्यात वकिली करू लागले आणि १८९६ साली टिळकांकडे पुण्याला गेले. पुढे ‘केसरी’चं संपादकपद सांभाळलं आणि १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले. तेव्हा मताचा हक्क मोजक्या करदात्यांना आणि मालमत्ताधारकांना होता, त्यामुळे मतदार बहुधा वाचणारा माणूस असायचा. संपादकाला आपली ओळख वेगळी करून द्यावी लागत नव्हती, ते काम अग्रलेख करत होता. सगळ्यांनीच ही वाट धरली असंही नाही. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. ते अखेरपर्यंत लेखणी आणि कॉलेज सोडून कुठे गेले नाहीत. सांगलीचे कृ. प्र. खाडिलकर ‘नवाकाळ’मधल्या लिखाणापायी तुरुंगात गेले. माझ्या मते या भागातली पत्रकारितेची खरी शान या दोघांत आहे, पण आजचा विषय केळकरांच्या वाटेचा.

स्वातंत्र्यानंतर मत सगळ्यांना मिळालं आणि हिशोब पार बदलला. १९५७ मध्ये साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, ते प्रतिसरकारच्या पुण्याईवर. १९६७ पासून १९८० पर्यंत चार वेळा यशवंतराव चव्हाण निवडून आले. सांगलीत वसंतदादांच्या घराण्याची पकड बसली. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, गावची सोसायटी अशी साखळी तयार झाली. उसाची नोंद घ्यायला शेतावर येणारा चिटबॉय हाच पुष्कळदा निवडणुकीतला कार्यकर्ता. पेपरात कोण काय लिहितो यापेक्षा उसाची तोड कधी येणार, हा प्रश्न मोठा ठरला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण गावातला माणूस बातमीदाराला चेहऱ्याने ओळखायला लागला तो २००७-०८ नंतर, चोवीस तास चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली तेव्हा. तालुक्याचा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीगणिक मानधन मिळणारा बातमीदार, खांद्यावर बॅग आणि हातात बूम, म्हणजे चॅनेलचं नाव असलेला माईक, घेऊन कारखान्याच्या सभेत, बाजार समितीत, यात्रेत दिसू लागला.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. बातमीदार कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लाइव्ह देत होते, आणि माडीवर अडकलेली माणसं टीव्हीवर दिसलेल्या त्याच माणसाला फोन लावत होती, ‘दादा, बोट पाठवा, आई आजारी आहे.’ पत्रकारावर एवढा भरवसा टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दोनच महिन्यांनी, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात भर पावसात उभं राहून शरद पवारांनी भाषण केलं. ते दृश्य दिवसरात्र पडद्यावर फिरलं, आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी उदयनराजेंना हरवलं. टीव्हीची ताकद इथे दिसली खरी, पण ती कॅमेऱ्यासमोरच्या पुढाऱ्याच्या कामी आली. बूम धरणाऱ्याच्या नाही.

या भागाबाहेर मात्र टीव्ही पत्रकार स्वतः लोकसभेला उभे राहिले आहेत. एनडीटीव्हीत काम केलेले इम्तियाज जलील २०१४ मध्ये औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले आणि २०१९ मध्ये ४,४९२ मतांनी खासदार. २०२४ मध्ये ते हरले. २०१४ लाच चॅनेल सोडून चांदणी चौकातून उभे राहिलेले आशुतोष पडले, गाझियाबादेतून टीव्ही पत्रकार राहिलेल्या शाझिया इल्मी पडल्या. २०१९ मध्ये महाराजगंजमधून टीव्ही पत्रकारिता सोडून आलेल्या सुप्रिया श्रीनेत यांचंही तेच झालं. राज्यसभेची वाट वेगळी. तिथे आमदारांची मतं लागतात, म्हणून कुमार केतकरांसारखे संपादक पक्षाच्या बळावर जाऊ शकले.

लोकसभेला अनामत २५ हजार रुपये, खर्चाची मर्यादा ९५ लाख. सातारा मतदारसंघ वाईपासून पाटणपर्यंत, सांगली मिरजेपासून जतपर्यंत, दोन्हीकडे सहा-सहा विधानसभा क्षेत्रं. प्रत्येक मतदारसंघात मतदान केंद्रं दोन हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक ठिकाणी आपला माणूस बसवायचा असतो. २०२४ मध्ये सांगलीत विशाल पाटील अपक्ष लढून एक लाखाच्या फरकाने जिंकले. पक्षाचं चिन्ह नव्हतं, पण वसंतदादांचं घर पाठीशी होतं.

पत्रकाराकडे असं घर नसतं. लढायचंच असेल तर त्याने किमान वर्षभर आधी चॅनेल सोडावं, असं मला मनापासून वाटतं. काल ज्या उमेदवाराचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, घेतला त्याच्याच विरोधात आज अर्ज भरला, तर त्याच्या सगळ्या जुन्या बातम्यांकडे लोक संशयाने पाहतील, आणि मागे राहिलेल्या सहकाऱ्यांच्याही. राजीनामा दिला की बूम कंपनीकडे जमा होतो. पुरात फोन केलेल्या माणसांचे नंबर तेवढे त्याच्याजवळ राहतात. त्या माणसांच्या दारात बूम नसताना किती वेळा गेलो, हे त्याने अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारावं.